भिंत ओली, खर्च कोणाचा?

वाचकांचे प्रश्न : घर, भाडं आणि कायदा

परतीचा पाऊस ओसरला की माझ्याकडे भिंतींची पत्रं यायला लागतात. आपल्या सोलापुरात पाऊस तसा कमीच पडतो. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. अशा कोरड्या गावात घरं ओलीनं सडतात, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पण आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. म्हणून दारात हौद, गच्चीवर सिंटेक्सची टाकी, मोरीत पिंप, स्वयंपाकघरात घागरी आणि हंडे. प्रत्येक घर म्हणजे एक छोटा पाणीसाठा असतो, आणि तो कुठं ना कुठं पाझरतो. म्हणून ओलीचं भांडण माझ्याकडे आलं की करारपत्राच्या आधी मी एकच विचारते, हे पाणी कुठलं? त्याचं उत्तर मिळालं की खर्च कोणी करायचा हे बऱ्याचदा आपोआप कळतं.

या वेळी पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण अशी पत्रं सगळ्यात जास्त येतात.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. आम्ही अक्कलकोट रोडच्या बाजूला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. मालक वरच्या मजल्यावर आहेत. भाडं महिना ६,५०० रुपये, अनामत २५,००० दिली आहे. अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करून नोटरी केला, रजिस्टर केलेला नाही. आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीला खालपासून कमरेपर्यंत ओल आहे. रंगाचे पोपडे पडतात, पांढरी पूड निघते, कपाटामागं काळी बुरशी आली आहे. मागच्या बोळात मालकांचा हौद आहे, पाणी तिथूनच घेतो. नळ येऊन गेला की दुसऱ्या दिवशी भिंत जास्तच ओली लागते. धाकटी सहा वर्षांची आहे, तिचा खोकला जातच नाही. मालकांना सांगितलं तर म्हणतात, ‘तुम्ही घरात कपडे वाळवता, खिडकी उघडत नाही, वाफ धरते. आधीच्या भाडेकरूच्या वेळी असं काही नव्हतं.’ वर म्हणतात की घर सोडताना रंगाचे पैसे अनामतीतून कापून घेणार. मी भाडं थांबवलं तर चालेल का? – पूर्व भागातील एक वाचक

उत्तर : ताई, भाडं थांबवू नका. तुमचा राग रास्त आहे, पण थकलेलं भाडं हे मालकाच्या हातात आपण होऊन दिलेलं हत्यार ठरतं. दर महिन्याला ठरल्या तारखेला, शक्यतो बँकेतून किंवा फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहील. रोख देत असाल तर पावती मागा. पावती देणं कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे.

दुसरं, आज रात्रीपासून मुलीला त्या खोलीत झोपवू नका. बाहेरच्या खोलीत अडचण होईल, होऊ द्या. ओल आणि बुरशी असलेल्या घरात दमा, छातीत घरघर आणि श्वसनाचे विकार जास्त आढळतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली याच विषयावरच्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘घरात बुरशी आहे’ हे तुम्ही होऊन सांगा आणि ते कागदावर लिहून घ्या. बहुतेक आया खोकला सांगतात आणि भिंत सांगायची विसरतात.

आता भिंतीकडे वळू. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण सगळं प्रकरण त्यातच आहे. नळ येऊन गेला की दुसऱ्या दिवशी भिंत जास्त ओली लागते. म्हणजे हौद भरला की ओल वाढते. कपड्यांची वाफ नळाचं वेळापत्रक बघून धरत नाही. शिवाय ती पांढरी पूड, म्हणजे लोणा. जमिनीतलं किंवा हौदातलं पाणी विटांमधून वर चढताना क्षार घेऊन येतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि प्लॅस्टरला आतून ढकलतात. म्हणून पोपडे पडतात. वाफेची ओल भिंतीवर बाहेरून बसते. ती कोपऱ्यात, छताजवळ, जिथं हवा खेळत नाही तिथं दिसते, आणि तिनं असा लोणा सहसा फुटत नाही. जमिनीपासून कमरेपर्यंतची सलग ओल ही खालून किंवा बाजूनं आलेली ओल असते.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, मालकांनाही जायला सांगू नका. दोघांनी मिळून दोन साध्या गोष्टी करून बघा. जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमलं तर ते भिंतीतून येतंय. बाहेर, खोलीच्या बाजूला जमलं तर ती हवेतली वाफ. दुसरी गोष्ट हौदाची. हौद भरला की रात्री मोटर बंद, उपसा बंद, आणि पाण्याच्या पातळीला खडूनं खूण. सकाळी झाकण उघडून बघा. झाकलेल्या हौदातलं पाणी एका रात्रीत उडून जात नाही. पातळी बोटभर जरी उतरली असेल तर ते पाणी जमिनीत गेलं आहे.

भिंतीवर ओल जिथपर्यंत आहे तिथं पेन्सिलीनं रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा आणि फोटो काढा. नळ आल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. तीन-चार नळांच्या रेघा जमल्या की तुम्हाला कोणाशी वाद घालावा लागणार नाही. मी दिवाणी न्यायालयात ओलीची प्रकरणं चालवली आहेत. तिथं मोठमोठ्या युक्तिवादांपेक्षा अशा तारखेच्या रेघा जास्त कामाला आल्या आहेत.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जागा राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरूनं किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरी वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. तुमचं वर्षाचं भाडं ७८,००० रुपये होतं, म्हणजे मर्यादा १९,५०० रुपये. गवंडी, सिमेंट, वाळू, मजुरी, सगळ्याच्या पावत्या ठेवायच्या. हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा पुरावा.

इथं दोन अडचणी आहेत, त्या झाकून ठेवणं बरोबर नाही. पहिली तुमच्या कागदाची. अकरा महिन्यांचे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक, म्हणजे जागा वापरायची फक्त परवानगी असलेले, असता आणि कलम १४ हे भाडेकरूसाठी आहे. परवानाधारकाला मुख्यतः करारात जे लिहिलं त्यावरच भांडावं लागतं. तुमचा करार रजिस्टर नाही. तो रजिस्टर करून घेण्याची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम ५५ नं मालकावर टाकली आहे. रजिस्टर करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ही तुमची जमेची बाजू. पण मालकांचे वकील लेखी परवान्याकडे बोट दाखवतील आणि वाद लांबेल. म्हणून कागद वकिलाला दाखवल्याशिवाय भाड्यातून एक रुपयाही कापू नका. त्यासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दुसरी अडचण भिंतीपलीकडची आहे. हौद तुमच्या ताब्यातल्या जागेत नाही. तिथं तुम्ही परस्पर गवंडी लावू शकत नाही. आणि हौद तसाच ठेवून तुमच्या बाजूनं प्लॅस्टर केलंत तर पैसे पाण्यात. नवं प्लॅस्टर पुढच्या वर्षी असंच फुगेल, किंवा ओल त्याच्यावरून आणखी वर चढेल. म्हणून आधी हौद, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग लोणा लागलेलं प्लॅस्टर खरवडून नवं, आणि रंग सगळ्यात शेवटी. मालक जर म्हणाले, ‘चला, रंग मारून देतो’, तर गोड बोलून नको म्हणा.

मालकांशी बोलताना त्यांच्या फायद्याचं सांगा. आपल्याकडे बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. हौद गळत राहिला तर पाया दर काही दिवसांनी फुगतो आणि आकसतो, आणि त्या पायावर वरचा मजला, म्हणजे त्यांचा संसार उभा आहे. भिंतीला तिरकी भेग गेलेली दिसली तर ती त्यांना दाखवा. भाडेकरूच्या खोकल्यानं न हललेले मालक स्वतःच्या पायाची काळजी लागली की दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन येतात, हे मी पाहिलेलं आहे. आणि तेवढ्यासाठी का होईना, काम होऊ दे.

बोलून झालं नाही तर लेखी द्या. भाषा साधी ठेवा, असं काहीतरी :

‘आपल्या घराच्या तळमजल्यावरील आतील खोलीच्या मागच्या भिंतीस ओल असून तेथे बुरशी झाली आहे. ही भिंत आपल्या हौदाला लागून आहे. नळाचे पाणी येऊन गेल्यावर ओल वाढते, त्याचे तारखांसह फोटो सोबत जोडले आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत हौदाची तपासणी करून दुरुस्ती सुरू करावी व नंतर भिंत दुरुस्त करून द्यावी. पाहणीसाठी आपण किंवा आपला गवंडी कधीही कळवून यावे. मी भाडे नियमित भरत आहे व भरत राहीन.’

स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा, आणि हेच फोटोसह व्हॉट्सॲपवरही टाका. शिव्या नकोत, धमकी नको, मुलीच्या तब्येतीचा उल्लेख एका ओळीत पुरे. हा कागद उद्या न्यायाधीश वाचणार आहेत असं समजून लिहा.

अनामतीचं सांगते. वापरानं होणारी सर्वसाधारण झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, आणि मालकाच्या हौदामुळे उडालेला रंग तर नाहीच नाही. तुमच्या रेघा आणि नोटीस तेव्हाही उपयोगी पडतील. रागाच्या भरात मालकांनी पाणी किंवा वीज तोडली तर तोही कायद्याचा भंग आहे, कलम २९ त्यासाठीच आहे. सामान बाहेर काढायला न्यायालयाचा हुकूम लागतो.

मी स्वतः भाड्याच्या खोलीत वाढले. आमच्या मागच्या भिंतीला अशीच ओल होती. आईनं तिथं मोठं कॅलेंडर लावलं होतं, आणि पाहुणे यायचे म्हटलं की ती आधी ते कॅलेंडर सरळ आहे का ते बघायची. मालकांना सांगायची तिची छाती कधी झाली नाही. ताई, तुम्ही सांगितलंत, लिहिलंत. आता मागं हटू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. जुळे सोलापुरात बंगल्याचा वरचा मजला एका कुटुंबाला दिला आहे, करार रजिस्टर आहे. एप्रिलपासून त्यांनी हॉलच्या खिडकीत मोठा कूलर बसवला. जूनमध्ये बघितलं तर खिडकीखालची भिंत पार फुगली होती, आत लाकडी कपाटाच्या पाठीला बुरशी. पावसाळ्यात उलट ती जागा वाळली. भाडेकरू म्हणतात बांधकामच निकृष्ट, रंग तुम्हीच काढून द्या. मी अनामत पूर्ण ठेवून घ्यावी म्हणतो. शिवाय ते मला आत येऊन बघूही देत नाहीत. माझं घर आहे ना?

उत्तर : सर, तुमचं निरीक्षण शिक्षकाचं आहे, आणि ते बरोबर आहे. उन्हाळ्यात ओली आणि पावसाळ्यात कोरडी अशी भिंत पावसानं ओली झालेली नसते. कूलरच्या टाकीतून, पाइपातून किंवा पाणी भरताना सांडून ते पाणी खिडकीच्या कट्ट्यावर आलं आणि भिंतीत उतरलं. कपाटाची बुरशीही त्यातलीच. कूलर हवेत पाणी सोडतो, म्हणून समोरचं दार-खिडकी उघडी ठेवून लावायचा असतो. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून लोक सगळं बंद करून बसतात, मग ती दमट हवा कपाटामागं जाऊन बसते. जागा जशी घेतली तशी जपून परत करणं हे भाडेकरूचं कर्तव्य आहे, झीज तेवढी वजा. कूलरचं पाणी झिजेत बसत नाही. हा खर्च त्यांचा.

पण पूर्ण अनामत ठेवून घेऊ नका. खिडकीखालचं प्लॅस्टर, तेवढ्या भिंतीचा रंग आणि कपाटाची पाठ, एवढ्याचं गवंड्याकडून आणि सुताराकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, त्यांना दाखवा, प्रत्यक्ष खर्चाची पावती द्या आणि उरलेले पैसे परत करा. सगळा हॉल नव्यानं रंगवायचा तर बाकीच्या भिंती तुमच्या. आणि खिडकीच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे का ते एकदा बघा. उतार आतल्या बाजूला असेल तर थोडा दोष बांधकामाकडेही जातो, आणि तेवढं मोकळेपणानं कबूल केलंत तर भाडेकरूही नमतं घेतील.

आत येऊ देण्याबद्दल : घर तुमचं आहे, पण ताबा त्यांचा आहे. आधी कळवून, वाजवी वेळी येऊन पाहणी करण्याचा हक्क मालकाला कायद्यानं दिलेला आहे. मेसेज करा, दिवस आणि वेळ लिहा, गवंड्याला बरोबर न्या. न सांगता जिना चढू नका, दुसरी किल्ली तर वापरूच नका. आपल्या घरात आपण परके झालो असं तुम्हाला वाटतं, हे मला कळतं. ज्यांनी आयुष्यभराच्या पगारातून एक बंगला उभा केला त्यांना भिंतीचा पोपडा अंगावरच्या जखमेसारखा दुखतो. पण त्या घरात सध्या दुसऱ्यांची चूल आहे.

पुढच्या करारात दोन ओळी घाला. कूलर कुठं आणि कसा बसवायचा, आणि ओल दिसली की किती दिवसांत लेखी कळवायचं. घर देताना प्रत्येक खोलीचे फोटो दोघांच्या फोनवर ठेवा.

प्रश्न : होटगी रस्त्यावरच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतं. वरचे म्हणतात तुमच्या मालकाला सांगा, मालक पुण्याला, ते म्हणतात सोसायटीला सांगा.

उत्तर : तुमच्या मालकांना लेखी कळवा. तुमचं काम तिथं संपतं, पुढची पळापळ त्यांची. वरच्या फ्लॅटच्या नहाणीतून किंवा त्यांच्या आतल्या पाइपातून पाणी येत असेल तर दुरुस्ती त्या फ्लॅटच्या मालकानं करायची. बाहेरच्या सामाईक पाइपातून किंवा गच्चीतून येत असेल तर सोसायटीनं. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांमध्ये, ही वाटणी दिलेली आहे. नेमकं कुठलं ते ओळखायला वरच्यांना एकदा विनंती करा. नहाणीची जाळी तात्पुरती बंद करून फरशीवर थोडं रंगीत पाणी साचवून ठेवायचं. तोच रंग तुमच्या छतातून उतरला तर वाद मिटला. दिव्याच्या वायरजवळ ठिबकत असेल तर तिथलं बटण आजच बंद करा.

प्रश्न : बाळीवेशीजवळच्या जुन्या वाड्यात आजोबांच्या वेळेपासून आम्ही भाडेकरू. भाडं महिना ३०० रुपये. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद, त्यावर मध्ये कधीतरी पत्रे घातले. ऑक्टोबर २०२० च्या मोठ्या पावसानंतर भिंतीनं पाणी धरलं ते सुटलंच नाही. आम्ही चार भाडेकरूंनी वर्गणी काढून आतून सिमेंटचं प्लॅस्टर केलं, तर ओल आणखी वर चढली. मालक म्हणतात, तीनशे रुपयांत काय राजवाडा हवाय का?

उत्तर : तुमच्या मालकांचं बोलणं कडू आहे, पण त्यातला हिशेब मी टाळणार नाही. तीनशे रुपये महिना म्हणजे वर्षाला ३,६००, त्याचा चौथा हिस्सा ९००. कलम १४ खाली एका वर्षात वळते करता येतील ते एवढेच. चौघांचं भाडं सारखं धरलं आणि चौघांनी मिळून काम केलं तरी ३,६०० रुपये. यात एका भिंतीचंही काम होत नाही. भाडं गोठलेलं आणि मजुरी आजची, या कात्रीत सोलापूरच्या जुन्या पेठांमधले वाडे सापडले आहेत, आणि त्यात मालक आणि भाडेकरू दोघंही दमले आहेत. म्हणून तुमच्यासाठी मी भांडणापेक्षा समेटाचा सल्ला देते. भाडं थोडं वाढवून द्यायची तयारी चौघांनी मिळून दाखवा आणि त्या बदल्यात छपराचं काम मालकांनी कधीपर्यंत करायचं, हे लेखी घ्या. छप्पर आधी, कारण माळवदातून झिरपलेलं पाणी जाड भिंतीच्या पोटात वर्षानुवर्षं राहतं.

सिमेंटचं म्हणाल तर तुमच्या हेतूत खोट नव्हती, गवंड्यानं सामान चुकीचं वापरलं. दगड-माती-चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात ते बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा जाड थर चढवला की बाहेर पडायची वाट बंद होते, मग पाणी थराच्या वर, जिथं मोकळं सापडेल तिथं निघतं. शक्य तिथं ते सिमेंट काढा, भिंतीला एक अख्खा उन्हाळा वाळू द्या, आपल्या उन्हासारखं औषध नाही, आणि नंतर चुन्याचा गिलावा करा. चुन्याचं काम जाणणारे जुने गवंडी अजून शहरात आहेत, पेठेत चौकशी करा.

एक गंभीर गोष्ट. भिंत पोटातून फुगलेली दिसत असेल, माळवदाच्या तुळया वाकल्या असतील किंवा माती गळत असेल तर समेटाची वाट बघू नका. महापालिकेला लेखी कळवा. धोकादायक इमारतीबद्दल मालकाला नोटीस देऊन दुरुस्ती करायला लावण्याचे किंवा ती रिकामी करून घेण्याचे अधिकार आयुक्तांना आहेत. ‘नोटीस आली की आपली जागा गेली’ या भीतीनं लोक पडक्या भिंतीखाली झोपतात. भीती खोटी नाही, म्हणून अर्ज देण्याआधी तयारी करा. भाड्याच्या जुन्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, खोल्यांची मापं आणि फोटो एका पिशवीत घालून वाड्याबाहेर, नातेवाइकाच्या घरी ठेवा. दुरुस्तीसाठी न्यायालयामार्फत जागा रिकामी करून घेतली गेली तर काम झाल्यावर परत येण्याचा हक्क कायद्यात आहे, पण तो मागायला हातात कागद लागतो. आणि धाकटी पोरं, म्हातारी माणसं त्या भिंतीशी झोपत असतील तर त्यांची अंथरुणं आजच दुसऱ्या बाजूला घ्या.

प्रश्न : बुरशी पुसायला काय वापरावं? बाजारात काळ्या डागांवर रंग मिळतो म्हणतात.

उत्तर : आधी पाणी बंद करा, नाहीतर पुसलेली जागा थोड्याच दिवसांत पुन्हा काळी होईल. रंग तर बुरशीवरून देऊच नका, तो पोपड्यासकट निघून येतो. फरशी, टाइल, ऑइलपेंट अशा टणक जागेवर साबणाच्या पाण्यानं घासा आणि पंखा लावून पूर्ण वाळवा. नाकातोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या. कोरडी बुरशी झाडूनं झटकू नका, ती घरभर उडते. भिजलेली गादी, उशी, पुठ्ठे, प्लायवूड आतून धरलं असेल तर टाकून द्या. चादरी, सतरंज्या गरम पाण्यानं धुऊन कडक उन्हात घाला. पावसाचं किंवा हौदाचं पाणी घरात शिरलं तर एक-दोन दिवसांच्या आत सगळं वाळेल असं बघा, त्यापुढे बुरशी धरायला लागते. आणि संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. बुरशी हातभर लांबी-रुंदीची असेल तर घरी काढता येते, अख्खी भिंत काळी असेल तर माणूस लावा, आणि घरात दमेकरी असेल तर तेवढा दिवस त्याला दुसऱ्या घरी पाठवा.